मांजराची जात आणि मांजराचे वागणे कसे ओळखावे

ढोलीतल्या धान्याची आणि कुटाराच्या ढिगाची उंदरांपासून राखण करणारे मांजर विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात असते, आणि हल्ली त्याचा फोटो दाखवून त्याची जात कोणती, असे हौसेने विचारले जाते. बहुतेक वेळा याचे खरे उत्तर ‘कोणतीच नाही’ असे असते. ठरावीक लक्षणांची जनावरे निवडून, त्यांच्या जोड्या जुळवून आणि वंशाची नोंद ठेवून जी पैदास केली जाते तिला जात म्हणतात. मांजरांच्या बाबतीत हा उद्योग अलीकडचा असून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले प्रसिद्ध मांजर-प्रदर्शन १८७१ मध्ये भरले, त्यानंतर त्याला वेग आला. माणसाशी मांजराची सोबत मात्र फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. पश्चिम आशियातील शेतकऱ्यांच्या साठवणीतले उंदीर खायला आलेली रानमांजरे हळूहळू माणसाळली आणि आपल्या ओसरीवरचे गावठी मांजर त्यांचेच वंशज आहे. त्यामुळे त्याला कमअस्सल समजण्याचे काहीच कारण नाही.

जात ओळखायची असेल तर रंग आधी बाजूला ठेवावा, कारण रंग म्हणजे जात नव्हे. अंगावर पट्टे आणि कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण असलेली मांजरे जगभर आढळतात. पांढरा, काळा आणि पिंगट असे तीन रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण पिंगट रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि काळा व पिंगट हे दोन्ही रंग एकत्र दिसण्यासाठी सहसा दोन एक्स गुणसूत्रे लागतात. ती मादीत असतात, बोक्यात एकच असते. याच कारणाने पूर्ण पिंगट मांजरांत बोके अधिक असतात. निळ्या डोळ्यांची शुभ्र मांजरे पुष्कळदा बहिरी असतात. असे मांजर हाक मारूनही येत नसेल तर ते हट्टी आहे असे मानण्याआधी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहावी.

पाहायचे असते ते चेहऱ्याची ठेवण, केसांचा पोत आणि अंगाची बांधणी. पर्शियनचा चेहरा गोल व चपटा, पाय आखूड आणि केस लांब व दाट असतात. सयामी अंगाने सडपातळ असून तिचा चेहरा त्रिकोणी असतो. तिची पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि कान, नाक, पंजे व शेपूट हे शरीराचे तुलनेने थंड भाग तेवढे पुढे गडद होतात. ‘बॉम्बे’ नावाची चकचकीत काळी जात मुंबईची नाही. ती अमेरिकेतील केंटकी राज्यात तयार झाली आणि भारतातल्या काळ्या बिबट्याची आठवण म्हणून तिला हे नाव मिळाले. गावातले प्रत्येक काळे मांजर अर्थातच बॉम्बे नसते.

नागपूर-अमरावतीकडून पर्शियन आणण्याचा विचार असेल तर तो पुन्हा एकदा करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. विक्रेते ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’ आणि ‘पंच फेस’ अशा, चेहरा अधिकाधिक चपटा होत जाणाऱ्या प्रकारांच्या चढत्या किमती सांगतात. परंतु चेहरा जितका चपटा तितका श्वास घेण्याचा त्रास अधिक, डोळ्यांतून पाणी अधिक आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, वीज गेलेल्या टिनाच्या घरात, जिवाला धोकाही अधिक. शिवाय केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर त्यांच्या जटा होऊन कातडी दुखते.

वागणे समजून घेताना शेपूट आणि कान एकत्र पाहावेत. शेपूट सरळ उभी आणि तिचे टोक किंचित वाकलेले ठेवून मांजर जवळ आले तर ती ओळखीची सलामी असते. गाल किंवा अंग पायाला घासून ते आपला गंध तुमच्यावर ठेवते. कुरवाळताना मात्र लक्ष ठेवावे: आधी शेपटीचे टोक तेवढे हलू लागते, मग पाठीवरची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात आणि त्यानंतर पंजा येतो. म्हणजे मांजर अचानक चावत नाही. ते आधी सांगते, आपण ते वाचत नाही. शेपटीचे टोक हलताच हात काढून घेण्याची सवय घरातल्या लेकरांना लावावी. मांजर उताणे होऊन पोट दाखवते तेव्हा ते विश्वास दाखवत असते, पोटाला हात लावायला सांगत नसते. ते तुमच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटत असेल तर तुम्हीही तसेच करावे. अनोळखी मांजराशी ओळख वाढवण्याचा याहून सोपा उपाय नाही. घशातून येणारी मंद, सलग गुरगुर हे समाधानाचे लक्षण खरे, पण आजारी आणि दुखावलेले मांजरही गुरगुरते, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहू नये.

दिवाण किंवा दार ओरबाडणे हा खोडसाळपणा नाही. नखांवरचे जुने कवच काढणे आणि आपली खूण ठेवणे यांसाठी ते आवश्यक असते. गोणपाट घट्ट गुंडाळलेला एक उंच, न हलणारा खुंट झोपण्याच्या जागेजवळ रोवून द्यावा. भिंतीवर शेपूट थरथरवत मुतणारा बोका आपली हद्द आखत असतो, आणि वेळेवर नसबंदी केल्यास ही सवय बहुधा कमी होते. मादी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि सुमारे दोन महिन्यांत विते. पिल्ले टाकून देण्याची वेळ येऊ नये म्हणून तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत त्याची चौकशी करता येते. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात. प्रत्यक्षात वर्दळ किंवा धोका जाणवला की ती जागा बदलते, म्हणून पिल्ले वारंवार पाहायला जाऊ नये. मात्र दोन ते सात आठवड्यांच्या वयात त्यांना माणसाचा सौम्य हात लागला नाही, तर ती पुढे बुजरी राहतात.

शेतात सापडलेले प्रत्येक पिल्लू गावठी नसते. आपल्याकडच्या रानमांजराची (इंग्रजीत ‘जंगल कॅट’; गावठी मांजराच्या पूर्वजांहून ही वेगळी जात) पिल्लेही तुरीत किंवा उसात सापडतात. मोठ्या रानमांजराचे पाय लांब असतात, शेपूट अंगाच्या मानाने आखूड असून तिच्या टोकाकडे काळी वळी असतात आणि कानांच्या टोकांवर काळे केस दिसतात. त्यांना आणि वाघाटी या लहानग्या, ठिपकेदार रानटी मांजरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे पिल्लू घरी न आणता तिथेच राहू द्यावे, लांब थांबावे आणि वनविभागाला कळवावे. आई बहुधा अंधार पडल्यावर त्याला घेऊन जाते.

खाण्याच्या बाबतीत दूध-भाकरीवर मांजर भागवते हा समज सोडावा. मांजर पक्के मांसाहारी आहे. टॉरिन हा आवश्यक घटक त्याला पुरेसा तयार करता येत नाही आणि तो मांस-मासळीतूनच मिळतो. शाकाहारी घरात मांजर ठेवायचे असेल तर त्याचे तयार खाद्य आणावे. मोठ्या मांजरांना दूध पुष्कळदा पचत नाही व हगवण लागते, म्हणून पाण्याचे पसरट मातीचे भांडे सावलीत, खाण्यापासून थोडे दूर ठेवावे.

मांजर दुखणे लपवते. ते दोन दिवस खात नसेल, कोपऱ्यात दडून बसले असेल, तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल, किंवा बोका वारंवार मुतायला बसूनही थेंब पडत नसेल, तर न थांबता पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष ठरते आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशकही. कोठारात उंदरांचे औषध टाकले असेल तर मांजर त्या दिवसांत कोंडून ठेवावे आणि मेलेले उंदीर पुरावेत. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.