ऊसबिल आलं म्हणून वर्षाचं ओटीटी मारू नका

ऊसबिल खात्यावर पडलं की कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीतल्या आमच्या ऑफिसात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक मागची बाकी भरायला येतात. दुसरी म्हणतात, "अक्का, ते ओटीटीचं वर्षाचंच मारून टाका, दर महिन्याला कोण कटकट करतंय." पहिल्यांचे पैसे मी लगेच घेते. दुसऱ्यांना खुर्चीवर बसवते आणि चार गोष्टी विचारते. त्याच इथं लिहून काढते, म्हणजे ऑफिसला न येतासुद्धा तुमचं तुम्हाला तपासता येईल.

आधीच सांगते, आम्ही केबल आणि फायबर इंटरनेट दोन्ही चालवतो, ओटीटी (म्हणजे नेटवरून सिनेमा-सिरियल दाखवणारी ॲप) जोडलेले प्लॅनही विकतो. वर्षाचा प्लॅन खपला तर फायदा आमचाच. तरीपण जी सेवा वर्षभर टिकेल याची खात्री नाही, तिचं वर्षाचं पॅक मी शेजारणीच्या गळ्यात मारणार नाही. बंद पडल्यावर ती काही मुंबईच्या ऑफिसात जाणार नाही, माझ्याच दारात येणार.

वसुलीची वही कशी वाचायची

सॉफ्टवेअर आलं, भिंतीला क्यूआर कोड लागला, पण माझी वसुलीची वही सुटलेली नाही. एका ओळीत एक घर, पुढं बारा चौकोन. पैसे आले की निळी सही, कनेक्शन बंद असलं की चौकोन रिकामा, आणि रिकाम्या चौकोनात पेन्सिलीनं कारण: "एसएसएलसी", "गावी", "मॅच संपली". पोरगी एसएसएलसीला, म्हणजे आमच्याकडच्या दहावीला, असली की फेब्रुवारीत घरचा टीव्ही बंद, शेवटचा पेपर झाला की चालू. मॅचवाले मार्चअखेर उगवतात आणि जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर गायब होतात. ज्या बायकांच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येतात त्या मात्र स्वतः येऊन भरतात. त्यांच्या ओळीत रिकामे चौकोन फार कमी. सिरियलला सुट्टी नसते ना.

एखादी कंपनी "आमचे इतके कोटी ग्राहक" म्हणून जाहिरात करते, तेव्हा ती एका महिन्याचा उभा रकाना दाखवत असते. तुम्ही आडवी ओळ बघायची. हिशेब सोपा आहे. 100 घरं आहेत आणि दर महिन्याला शंभरातली 5 सुटतात असं धरा. नवीन कोणीच आलं नाही तर वर्षाअखेर 54 उरतात. शंभरला शंभर ठेवायची असतील तर वर्षात 60 नवी घरं जोडावी लागतात, म्हणजे साठ वेळा जाहिरात, साठ वेळा सवलत, साठ वेळा "पहिला महिना फुकट". शंभरातली दोनच सुटत असतील तर हातपाय न हलवता 78 राहतात. दहा सुटली तर 28. या गळतीला कंपन्या चर्न म्हणतात. बातमीत तो शब्द दिसला तर थांबून वाचा. "विक्रमी ग्राहक"वाली बातमी सोडून दिली तरी चालेल.

हॉटस्टारचंच बघा. 2015 साली सुरू झालं, 2020 साली डिस्ने प्लस हॉटस्टार झालं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ग्राहक होते 6 कोटी 13 लाख. त्याआधीच, जून 2022 च्या लिलावात, आयपीएलचे डिजिटल हक्क वायकॉम18 या कंपनीनं साडेतेवीस हजार कोटींच्या वर बोली लावून नेले होते. जिओसिनेमा हे ॲप पुढं याच कंपनीकडं आलं. 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर चक्क फुकट दिसली. मार्च 2023 अखेर एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिकाही हॉटस्टारवरून गेल्या. तीन-तीन महिन्यांनी आकडे आले ते असे: 5 कोटी 75 लाख, 5 कोटी 29 लाख, आणि 2023 च्या मध्याला 4 कोटी 4 लाख. नऊ महिन्यांत दोन कोटींहून जास्त माणसं उठून गेली. माझ्या वहीत "मॅच संपली" लिहिलेली जी घरं आहेत, तीच ही, फक्त देशभरातली. तेव्हा हॉटस्टारला एका ग्राहकामागं महिन्याला सरासरी एक डॉलरसुद्धा मिळत नव्हता.

म्हणून पहिली तपासणी ही. ज्या सेवेचं पॅक घेताय, तिच्यातून एकच गोष्ट वजा करा. क्रिकेट, एखादी गाजलेली वेबसिरीज, जे काही तुम्हाला तिथं ओढून नेतंय ते. उरलं त्यात तुमच्या घरात आज रात्री कोणी काही बघणार आहे का? नसेल तर तेवढ्या महिन्यांपुरतंच घ्या.

घरातल्या माणसांची यादी करा

हे काम कागदावर करा, तोंडी नको. घरात कोण कोण आहे आणि रोज काय लावतं ते लिहा. मग त्यापुढं ॲप लिहा. झी मराठी असेल तर झी5. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर. आता आमच्याकडच्या घरात कन्नडही असतंच. झी कन्नडसुद्धा झी5 वर आहे, कलर्स कन्नड आणि सुवर्णा जिओहॉटस्टारवर, उदया सन नेक्स्टवर.

सासू प्रवाह लावते, सून हुक्केरीकडची, ती सुवर्णा लावते, पोरांना मॅच पाहिजे. तिघांचं एकाच पॅकात भागतं. असल्या घरातून पॅक सहजी बंद होत नाही, कारण बंद करायला तीन माणसांची संमती लागते. सेवा टिकते ती अशा घरांवर. मोठ्या ॲपांना हे जमतं, कारण त्यांच्यामागं वेगवेगळ्या भाषांतल्या वाहिन्या आहेत आणि त्यांच्या सिरियल रोज नवा भाग टाकतात. एकाच भाषेच्या लहान ॲपाला सगळं स्वतः तयार करावं लागतं. बंगालीत 2017 पासून होईचोई चालू आहे, तेलुगूत 2020 पासून आहा आहे, म्हणजे अशक्य नाही. पण ते फार कष्टाचं काम आहे, आणि त्या कष्टाचं कौतुक म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ द्यायचे की महिन्याचे, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी महिन्याचे देते. मराठीसाठी जीव तुटतो म्हणून आमच्या सीमाभागातली माणसं पटकन वर्षाचं भरतात. एका लहान ॲपानं, नाव घेत नाही, आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांना असं अडकवलं. पैसे गेल्यावर ॲप उघडायचं, पोस्टर दिसायचे, पण सिनेमावर दाबलं की चाक गरगरत राहायचं.

लहान ॲप तपासायचं असेल तर प्ले स्टोअरला जा. ॲपाच्या माहितीत शेवटचा अपडेट कधी झाला ती तारीख असते. सहा महिन्यांपूर्वीची असेल तर पैसे खिशातच ठेवा. अभिप्राय "नवीन आधी" असे लावून वाचा. वर जे पाच तारेवाले दिसतात ते सुरुवातीच्या हौसेचे असतात, खरी रड नव्यात सापडते. "ओटीपी येत नाही", "टीव्हीवर चालत नाही", "पैसे कापले पण पॅक चालू नाही" ही तीन वाक्यं सारखी दिसली तर समजायचं की तिथं फोन उचलायला माणूस उरलेला नाही. आणि "आजीवन सदस्यत्व" दिसलं तर हात जोडा. तुमचं आयुष्य की ॲपाचं, हे ते सांगत नाहीत.

पैसा कोण घालतंय

मोठं नाव म्हणजे टिकाऊ, असंही नाही. अमेरिकेत क्विबी नावाची सेवा 175 कोटी डॉलर गोळा करून एप्रिल 2020 मध्ये आली आणि डिसेंबरात बंद झाली. सीएनएन प्लस तर मार्च 2022 च्या अखेरीला सुरू झाली आणि एप्रिल संपायच्या आत गुंडाळली. दोन्हींकडं पैशाला तोटा नव्हता. पुढच्या महिन्यातही पैसे भरावेत असं काही तिथं लोकांना सापडलं नाही.

उलट नेटफ्लिक्स बघा. 2022 च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचे जवळजवळ 12 लाख ग्राहक जगभरातून घटले आणि पेपरांनी मयतीच्या बातम्या छापल्या. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये भारतात दर उतरवले होते, मोबाइलचं पॅक 199 वरून 149 वर. मग नोव्हेंबर 2022 पासून काही देशांत जाहिरातींचं स्वस्त पॅक आलं, 2023 मध्ये एकाच्या पासवर्डवर चार घरांनी बघायचं बंद केलं, भारतात जुलैपासून. 2024 संपताना ग्राहक 30 कोटींच्या वर होते. आणि 2025 पासून त्यांनी दर तिमाहीला ग्राहकांचा आकडा सांगणंच थांबवलं. आता मिळकत बघा म्हणतात. ज्याला उभ्या रकान्याची जाहिरात करायची गरज उरली नाही, त्याचं मला बरं वाटतं.

जाहिराती आल्या म्हणून चिडणारे बरेच येतात. प्राइम व्हिडिओवर जून 2025 पासून भारतात जाहिराती लागल्या, नको असतील तर वर्षाला 699 जास्तीचे. चिडा, पण सेवा टिकेल का या प्रश्नापुरतं हे चांगलं लक्षण आहे. पैशाचे दोन रस्ते असलेली सेवा एक रस्ता अडला तरी चालते.

विलीनीकरणाला तेवढं घाबरू नका. वूट नावाचं ॲप जिओसिनेमात गेलं, मग 14 फेब्रुवारी 2025 ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. ज्यांचं आधीचं पॅक शिल्लक होतं त्यांना मुदत संपेपर्यंत पुढं चालू ठेवलं. मोठ्याला मोठा विकत घेतो तेव्हा ग्राहक हाच माल असतो, तो टाकून देत नाहीत. लहान दुकान बंद होतं तेव्हा मात्र तुमची पावती घ्यायला कोणी नसतं.

मग किती दिवसांचं घ्यायचं

घरातली दोन माणसं रोज वेगवेगळं काहीतरी बघत असतील आणि मागच्या वर्षी तुम्ही तेच पॅक एकदाही बंद केलेलं नसेल, तर वर्षाचं खुशाल घ्या, स्वस्त पडतं. फक्त मॅचसाठी असेल तर तीन महिन्यांचं. पहिल्यांदाच घेत असाल तर एक महिन्याचं, आणि तेही रात्री आठ ते दहात, घरच्याच टीव्हीवर लावून बघा. दुपारी दुकानात मोबाइलवर सुरळीत चाललं याला काही अर्थ नाही. नेटफ्लिक्सचं 149 वालं पॅक फोनवर आणि टॅबवरच चालतं, टीव्हीवर नाही. हे सांगूनसुद्धा दर आठवड्याला कोणीतरी रिमोट घेऊन येतंच.

इंटरनेटच्या प्लॅनबरोबर आलेलं ओटीटी फुकट समजू नका. प्लॅन बदलला की ते गेलं. आणि ते ज्या मोबाइल नंबरावर चालू करताय तो नंबर जपा. निपाणीत निम्म्या लोकांकडं कागलहून आणलेलं महाराष्ट्राचं एक सिम असतं, दुसऱ्या खणात टाकलेलं. त्यावर पॅक घेतात, मग रिचार्ज राहून जातो, ओटीपी येत नाही आणि पॅक असून टीव्ही बंद. रोजच्या वापरातलाच नंबर द्या.

बंद कसं करायचं

हे सगळ्यात जास्त विचारतात. परवा एक मामा बँकेचं पासबुक छापूनच घेऊन आले. "ॲप तर काढून टाकलं की गा, तरी पैसं कापतंय कसं?" ॲप काढल्यानं पॅक बंद होत नाही. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडं आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा, सबस्क्रिप्शन्स उघडा, तिथं रद्द करा. यूपीआयनं घेतलं असेल तर फोनपे किंवा गुगल पेमध्ये तसंच फोटोवर दाबून ऑटोपे शोधा. कोणकोण तुमच्या खात्यातून आपोआप पैसे घेतंय ती यादीच तिथं असते. मामांच्या यादीत तीन निघाली, त्यातलं एक नातवाच्या गेमचं. शक्य असेल तर ओटीटीच्या ॲपात जाऊनही रद्द करा, आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. रद्द केलं तरी भरलेली मुदत सहसा संपेपर्यंत चालते, त्यामुळं शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, पॅक घेतलं त्याच दिवशी ऑटोपे रद्द करून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर 2021 पासून आपोआप पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यावा लागतो. तो येतो, इंग्रजीत येतो आणि कोणी वाचत नाही. घरात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या.

एवढं करूनही पैसे कापले गेले तर कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं भामट्यांचे नंबर असतात. ॲपातल्या मदत विभागातून तक्रार करा, नाहीतर पासबुक घेऊन थेट बँकेत जा. आणि कोणी "रिफंड देतो, स्क्रीन शेअर करा" म्हणालं तर फोन ठेवा. त्यातून पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, आमच्या ऑफिसला नंतर या.