कृषी सेवा केंद्राचा साठा टॅलीप्राइममध्ये कसा सांभाळावा

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रातले खत तीन ठिकाणी मोजले जाते: गोदामातल्या थप्पीत, विक्री नोंदवणाऱ्या ई-पॉस मशीनवर आणि दुकानाच्या हिशेबात. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर ई-पॉस मशीनवर होते आणि त्या नोंदीवरच कंपनीला अनुदान मिळते. त्यामुळे मशीनवरचा आकडा आणि थप्पी यांत फरक पडला, तर गुणनियंत्रण निरीक्षकापुढे उत्तर परवानाधारकालाच द्यावे लागते. हे तीन आकडे एकत्र ठेवण्यासाठी टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, मात्र एक पथ्य पाळावे लागते. नोंद बिलाच्या क्रमाने न करता माल ज्या क्रमाने हलतो त्या क्रमाने करायची. पुढील सर्व पायऱ्या या पथ्यावर उभ्या आहेत.

सुरुवात संगणकापासून करू नये. खरिपाचा माल येण्याआधी, एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी विक्री बंद ठेवून दुकान आणि सर्व गोदामे मोजून घ्यावीत. मोजणाऱ्याच्या हाती जुना आकडा देऊ नये. तो हाती असला की माणूस नकळत तोच आकडा मोजतो. कीटकनाशकांची आणि बियाण्यांची मोजणी करताना बॅच किंवा लॉट क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीखही लिहून घ्यावी, कारण हीच यादी पुढे आरंभीची शिल्लक म्हणून भरायची आहे.

त्यानंतर टॅलीप्राइममध्ये एफ ११ ही कळ दाबून कंपनीच्या सुविधांमध्ये एकापेक्षा जास्त गोदामे, बॅच आणि बॅचची अंतिम तारीख हे पर्याय सुरू करावेत. कीटकनाशकांवर ‘दहावर एक फुकट’ अशा योजना येत असतील, तर प्रत्यक्ष आणि बिलातील नग यांचे वेगळे रकाने दाखवणारा पर्यायही सुरू करावा. अन्यथा फुकट आलेला अकरावा डबा हिशेबात कधीच येत नाही आणि वर्षअखेरीस साठा कागदापेक्षा जास्त भरतो. टॅलीप्राइममध्ये ‘मेन लोकेशन’ हे एक गोदाम आधीपासून असते. त्याला दुकान मानावे आणि बाकीची गोदामे लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनीच उघडावीत. हमाल ज्याला ‘स्टेशनचे गोदाम’ म्हणतो, त्याला संगणकात ‘गोदाम क्रमांक २’ म्हटले की चुकीच्या ठिकाणी नोंद होणे ठरलेलेच. याखेरीज ‘फाटका माल’ आणि ‘मुदतबाह्य’ अशी दोन कागदी गोदामे अवश्य उघडावीत. त्यांचा उपयोग पुढे येईल.

आता वस्तूंची खाती. येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण एकक एकदा चुकले आणि त्यावर शेकडो नोंदी झाल्या की सुधारणे फार जिकिरीचे होते. खताची मागणी टनात नोंदवली जाते, पण गोदामात हलते ते पोते. युरियाचे पोते ४५ किलोचे असते आणि १० टनांना ४५ ने भागले तर २२२ पोती होऊन १० किलो उरतात. म्हणूनच २२२ पोत्यांची गाडी चलनावर ९.९९ मेट्रिक टन दिसते. मूळ एकक टन ठेवणाऱ्याच्या साठ्यात पोत्यांचे अपूर्णांक साचत जातात. मूळ एकक पोते ठेवणाऱ्याला ही अडचण येत नाही. डीएपीचे पोते ५० किलोचे असल्याने तेथे हिशेब सरळ बसतो, तरीही सर्व खतांना पोते हेच एकक ठेवावे आणि टनांचा आकडा हवा असेल तेव्हा काढावा. एकाच औषधाची १०० मिली, २५० मिली आणि १ लिटरची बाटली या तीन वेगळ्या वस्तू मानाव्यात. प्रत्येक कीटकनाशकाच्या आणि बियाण्याच्या खात्यात बॅच ठेवण्याचा व अंतिम तारखेचा पर्याय ‘होय’ करावा.

माल आल्यावर गाडी रिकामी होताच ‘रिसीट नोट’ म्हणजे आवकेची नोंद (ऑल्ट आणि एफ ९ या कळा एकत्र दाबून) भरावी. या नोंदीने साठा वाढतो, पण पैशाच्या खात्याला हात लागत नाही. कंपनीचे बिल आठ दिवसांनी आले तरी चालते. प्रत्यक्ष उतरलेली पोती लिहावीत, चलनावरची नव्हेत, आणि नोंदीला ट्रॅकिंग क्रमांक, म्हणजे आवक आणि बिल जोडणारा क्रमांक, म्हणून चलन क्रमांक द्यावा. बिल आल्यावर खरेदीची नोंद करताना तोच ट्रॅकिंग क्रमांक निवडायचा असतो. तो निवडला नाही, तर आलेली २२२ पोती संगणकात ४४४ होतात. साठा अचानक दुप्पट दिसू लागल्याची तक्रार ऐकली की मी प्रथम हेच तपासतो. याच वेळी ई-पॉस मशीनवरही आवक स्वीकारली गेली आहे का, ते पाहावे.

गोदामातून दुकानात माल आणण्यासाठी ‘स्टॉक जर्नल’ (ऑल्ट आणि एफ ७) वापरावे: एका बाजूला ज्या गोदामातून माल निघाला ते, दुसऱ्या बाजूला जेथे पोहोचला ते, आणि दोन्हीकडे तीच वस्तू, तेवढेच नग. वीस पोत्यांची ने-आण कोणाला नोंदण्याजोगी वाटत नाही, पण साठ्यातला गोंधळ बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो. गोदामप्रमुखाने चिठ्ठी दिल्याशिवाय पोते हलणार नाही आणि संध्याकाळी त्या चिठ्ठ्यांवरून नोंदी होतील, एवढा नियम बसवावा. माल रस्त्याने जात असेल तर सोबत डिलिव्हरी चलन हवे. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत मालाचे मूल्य १ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा दाखला) लागते, गोदाम दोन्हीकडे आपलेच असले तरी.

विक्रीच्या बिलात दोनच गोष्टींकडे लक्ष द्यावे. माल ज्या गोदामातून दिला तेच निवडावे आणि ग्राहकाच्या हाती दिलेल्या बाटलीवरचीच बॅच लिहावी, यादीत वर दिसलेली नव्हे.

फाटलेली पोती आणि मुदत संपलेली औषधे स्टॉक जर्नलनेच वर सांगितलेल्या कागदी गोदामांत हलवावीत. मुदतबाह्य कीटकनाशके प्रत्यक्षातही वेगळी ठेवून त्यांवर ती विक्रीसाठी नसल्याची खूण करावी लागते, म्हणून हे गोदाम कागदावर आणि जमिनीवर एकदमच तयार होते. असा माल पुढे निर्लेखित केला, म्हणजे हिशेबातून काढून टाकला, तर त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. ती नोंद कर सल्लागाराला विचारूनच करावी. शेजारच्या दुकानदाराशी अनुदानित खताची हातउसनी देवाणघेवाण मात्र मुळीच करू नये, कारण टॅलीत ती कशीही बसवली तरी मशीनवर बसत नाही.

दर आठवड्याला सर्व वस्तू मोजण्याचा हट्ट धरू नये. रोज पाच वस्तू निवडून त्यांची थप्पी मोजावी आणि गोदामनिहाय साठ्याशी ताडून पाहावी. युरिया आणि डीएपीच्या बाबतीत मशीनवरचा आकडाही शेजारी लिहावा. फरक आढळल्यास लगेच ‘फिजिकल स्टॉक’ची नोंद (कंट्रोल आणि एफ ७) करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ही नोंद त्या तारखेला साठा आपण लिहिलेल्या आकड्यावर आणून ठेवते, त्यामुळे नंतर कोणी मागील तारखेची राहिलेली चिठ्ठी भरली, तरी पुढच्या शिल्लकेवर तिचा परिणाम दिसत नाही आणि खरी चूक कायमची झाकली जाते. म्हणून आधी चिठ्ठ्या, बिलाविना राहिलेल्या रिसीट नोट आणि उणे साठा दाखवणाऱ्या वस्तू तपासाव्यात. कारण सापडलेच नाही, तरच फिजिकल स्टॉकची नोंद करावी आणि तिच्या तपशिलात कोणी, कधी व किती मोजले ते लिहावे.