इंटरनेट बंद म्हणजे नॉन-असिस्टेड? सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये या चुका टाळा

शनिवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे 0000 यूटीसीला, सीक्यू वर्ल्ड वाइड ही जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधण्याची हौशी रेडिओ स्पर्धा सुरू होते. त्याआधी आपले बरेच हॅम (हौशी रेडिओचालक) मित्र राउटर बंद करतात आणि आता आपण नॉन-असिस्टेड, म्हणजे बाहेरची मदत न घेणाऱ्यांच्या गटात आहोत, असं समजून निर्धास्त होतात. इथेच पहिली चूक होते. नियमात मुद्दा इंटरनेटचा नाहीच. कोणतं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे, हे तुमच्या कानांनी शोधलं की दुसऱ्या कुणी सांगितलं, एवढंच पाहिलं जातं. म्हणून तुमच्याच अँटेनावर, इंटरनेटशिवाय चालणारा सीडब्ल्यू स्किमर, म्हणजे मोर्समधले कॉलसाइन (स्टेशनची ओळखचिन्हं) आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर, तोसुद्धा मदतच ठरतो. शेजारच्या खोलीतून मित्राने ‘पंधरा मीटर बँडवर अमुक स्टेशन आलंय’ असं ओरडून सांगितलं, तरी तेच.

संपर्कांची नोंद (लॉग) ठेवणारं सॉफ्टवेअर कधीकधी मागच्या वेळची क्लस्टरची, म्हणजे कोणतं स्टेशन कुठे आहे हे हॅम एकमेकांना कळवतात त्या नेटवर्कची, जोडणी आपोआप सुरू करतं. बँडमॅपवर (फ्रिक्वेन्सीनुसार स्टेशनं दाखवणाऱ्या यादीवर) तुम्ही स्वतः न टिपलेले कॉलसाइन दिसू लागले, तर टेलनेटची, म्हणजे क्लस्टरच्या जोडणीची, खिडकी तपासा. त्यातला एखादा स्पॉट (स्टेशन आणि त्याच्या फ्रिक्वेन्सीची सूचना) वापरला असेल तर सरळ असिस्टेड, म्हणजे मदत घेणाऱ्यांच्या, गटात लॉग पाठवा. लॉग ज्या कॅब्रिलो फाइलमधून पाठवता, तिच्यातली गटाची ओळही बदला. त्यात कमीपणा काहीच नाही, तो स्वतंत्र गट आहे. लपवाल तर मात्र अवघड जाईल, कारण परीक्षक लॉग क्लस्टरच्या नोंदींशी ताडून पाहतात.

असिस्टेड गटातही सगळं चालत नाही. स्वतःचा स्पॉट स्वतः टाकायचा नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मी या फ्रिक्वेन्सीवर आहे, या’ असं लिहिणंही त्यातच आलं. दूरच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रिसीव्हरवर) ऐकून घरून उत्तर देणंही बाद. रिसीव्हर तुमच्याच स्टेशनच्या जागी हवा.

स्पॉटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मोर्समध्ये एस म्हणजे तीन डॉट आणि एच म्हणजे चार. गर्दीत एक डॉट चुकला की कॉलसाइनच बदलतो. चुकीचा कॉलसाइन लॉगमध्ये गेला तर तो संपर्क जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. समोरच्याने स्वतःचा कॉलसाइन दिल्याचं ऐकू येईपर्यंत थांबा, मगच एंटर दाबा.

स्पर्धा संपल्यावर डेटाबेस किंवा रेकॉर्डिंग लावून कॉल दुरुस्त करायचे नाहीत. लॉगसाठी मिळणारे पाच दिवस फक्त पाठवण्यासाठी आहेत.