कास्ट रेझिन ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग कशी तपासावी

हिंगणघाट किंवा वणीकडच्या जिनिंगमध्ये हंगामात रुईची तूस कास्ट रेझिन (तेलाऐवजी घट्ट रेझिनमध्ये ओतलेल्या कॉइलच्या) ट्रान्सफॉर्मरच्या हवेच्या फटींत बसते, वाइंडिंग (तारेचे वेढे) तापते आणि एके दिवशी ब्रेकर पडतो. अशा वेळी ब्रेकर पुन्हा चढवून पाहू नये. दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडून अर्थिंग करावे, कारण रेझिनचा पृष्ठभाग चालू स्थितीत स्पर्शाला सुरक्षित नसतो.

आधी टॉर्च घेऊन फटी बघाव्यात. केसासारखी बारीक चीर, तपकिरी डाग किंवा काळी, झाडाच्या फांद्यांसारखी रेघ दिसली, तर ती जागा संशयित समजावी. तूस कोरड्या हवेने काढून मगच ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) एचटी-एलटी (उच्च दाब व कमी दाबाची बाजू) आणि एचटी-अर्थ यांमधला रोध मोजावा.

मात्र मेगर चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच कॉइलमधले वेढे आपसात शॉर्ट झाले असतील, तर मेगरला ते कळतच नाही. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. त्यासाठी डेल्टाच्या (एचटी कॉइल एकमेकींना त्रिकोणात जोडणाऱ्या) पट्ट्या सोडून, एलटी उघडी ठेवून, प्रत्येक एचटी कॉइलला एकेक करून २३० व्होल्ट द्यावेत व करंट मोजावा. मधल्या लिंबवरच्या (गाभ्याच्या मधल्या खांबावरच्या) कॉइलचा करंट थोडा कमी येणे स्वाभाविक आहे. पण एखादी कॉइल इतरांच्या कितीतरी पट करंट घेत असेल, तर दोष तिच्यात किंवा त्याच लिंबवरच्या एलटी कॉइलमध्ये आहे. ११ केव्ही/४३३ व्होल्ट, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरचे मधल्या टॅपवरचे (वेढे कमी-जास्त करण्याच्या जोडणीवरचे) फेजनिहाय एचटी-एलटी व्होल्टेजचे गुणोत्तर सुमारे ४४ यावे.

एचटी कॉइलमध्ये दोष ठरल्यास ती जागेवर दुरुस्त होत नाही, पूर्ण कॉइलच बदलावी लागते.