ओटीचे पैसे कमी मिळतात? तक्रारीआधी या चुका टाळा

कारखान्यातला कामगार ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची (जादा तासांच्या कामाची) तक्रार घेऊन कामगार कार्यालयात जातो तेव्हा त्याच्याकडे संताप भरपूर असतो, पण हिशोब नसतो. "दोन वर्षं रोज जास्त थांबवलं." कुठल्या तारखांना? किती वाजता सुटलात? कुणी थांबवलं? इथेच गाडी अडते.

कंपनीच्या पंचिंगवर विसंबून राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेहमीचा प्रकार असा: साडेचारला शिफ्ट संपते, पंच आउट करायला लावतात आणि परत लाइनवर उभं करतात. माल सातपर्यंत निघत राहतो, रेकॉर्डमध्ये मात्र आठच तास. पुढे सुनावणीत कंपनी हजेरीची प्रिंट टेबलावर ठेवते. कामगार "हे खोटं आहे" म्हणतो, पण त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. याउलट खिशात रोजची वही असेल, तिच्यातल्या तारखांना सुपरवायझरचा "आज सातपर्यंत थांब" हा मेसेज जुळत असेल आणि उशिराच्या बसचं तिकीटही असेल, तर त्या प्रिंटचं वजन उतरतं. देणी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेने (वेतनाच्या नव्या केंद्रीय कायद्याने) मालकावर टाकली आहे, पण तेवढे तास काम झालं हे आधी तुम्हालाच उभं करावं लागतं.

म्हणून वही ठेवा. तारीख, शिफ्ट, आत, बाहेर, जेवणाची सुट्टी, थांबायला कुणी सांगितलं. पेनाने, त्याच रात्री. आठवड्यातून एकदा पानांचे फोटो काढून स्वतःच्याच मेलवर पाठवा, म्हणजे लिहिल्याची तारीखही राहते. मेसेज फोनमधून पुसू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. कारखान्याच्या आत मशीनचे फोटो मात्र काढू नका, त्यावरूनच गैरवर्तनाची नोटीस हातात पडते. महिनाअखेरीला अंदाजाने भरलेली वही ओळखू येते. सगळीकडे तीच वेळ, तीच शाई.

दुसरी मोठी चूक हिशोबाची. ओटी दुप्पट दराने द्यायची असते. 1948च्या कारखाने अधिनियमात तेच होतं आणि 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही तेच आहे. तरी "ओटी मिळते ना" म्हणून लोक सिंगल रेट घेत राहतात. शिवाय दुप्पट कशाची, हे कुणी तपासत नाही. समजा महिन्याचा एकूण पगार 30,000 आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000, उरलेले 17,000 घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांचे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. इथे निम्मे म्हणजे 15,000, वरचे 2,000 वेतनात, म्हणून वेतन 15,000. त्याला 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागलं की तासाचे 72.12 रुपये, दुप्पट 144.23. कंपनी 13,000 धरून सिंगल रेटने देते 62.50. महिन्याला 50 तास ओटी झाली तर 3,125 हातात येतात आणि येणे असतात सुमारे 7,211. हा तक्ता महिनावार करा. "आमच्यावर अन्याय होतो" अशा दोन पानी अर्जापेक्षा तो एक कागद जास्त काम करतो.

कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. रोख घ्यावीच लागली तर सहीशेजारी रक्कम, तारीख आणि "हिशोब मान्य नाही" एवढं लिहा. "फुल अँड फायनल"वर, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशोबावर सही झाली असेल तरी हक्क संपत नाही. देय रक्कम सोडून देणारा करार संहितेनुसार रद्दबातल असतो.

ओटीच्या बदल्यात सुट्टी घेऊन गप्प बसू नका. ती पैशांना पर्याय नाही.

पदनाम "सुपरवायझर" दिलं म्हणून ओटी जात नाही. प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं.

ठेकेदाराचा माणूस असाल तर फक्त ठेकेदाराच्या मागे फिरू नका. त्याने वेतन थकवलं तर मूळ कंपनीही जबाबदार असते, अर्जात दोघांचीही नावं घाला.

रागाच्या भरात काम बंद करणं किंवा राजीनामा फेकणं, याने मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि तुमच्याच शिस्तीची चौकशी सुरू होते. घाई करायचीच तर मुदतीसाठी करा. संहितेत दाव्याला तीन वर्षं आहेत. आधीच्या वेतन प्रदान अधिनियमात 12 महिनेच होते, त्यामुळे 21 नोव्हेंबर 2025 आधीची थकबाकी असेल तर युनियनला किंवा वकिलाला या आठवड्यातच भेटा. दावा मान्य झाला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मालकाकडून देववण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे.

अर्ज जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्या. कामाचे तासच मर्यादेबाहेर जात असतील तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. पगार स्लिप, तक्ता आणि वहीच्या झेरॉक्स जोडा, मूळ वही स्वतःकडे ठेवा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "नंतर या, शिक्का मारून ठेवतो" असं सांगितलं तर तिथेच थांबा.