योग आणि पिलाटीस: आपल्या तयारीनुसार वर्ग कसा निवडावा

वर्ग निवडताना वय किंवा उत्साह नव्हे, तर आपले शरीर आज काय पेलू शकते, हे पाहावे. नवशिक्याने योगाचा असा वर्ग घ्यावा, जिथे ताडासन, वीरभद्रासन, भुजंगासन सावकाश शिकवले जाते आणि श्वास अडखळू लागताच आसन सोडण्याची मुभा असते. पिलाटीस या पोट-पाठीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामपद्धतीची सुरुवात चटईवर करता येते. मात्र स्प्रिंगच्या ताणावर चालणारे रिफॉर्मर यंत्र केवळ अनुभवी लोकांसाठी असते, हा समज चुकीचा आहे, कारण योग्य स्प्रिंग लावल्यास ते नवशिक्याला आधारच देते. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटीस यांच्या ‘हंड्रेड’ या पाठीवर झोपून करायच्या व्यायामात पाच मोजेपर्यंत श्वास घेत आणि पाच मोजेपर्यंत सोडत हात 100 वेळा खालीवर हलवायचे असतात. प्रारंभी तो गुडघे वाकवून, डोके जमिनीवर टेकवूनच करावा आणि मान न ताणता, कंबर न उचलता जमू लागल्यावरच पुढच्या स्तराचा विचार करावा.

शीर्षासनाची घाई मला मुळीच पटत नाही. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोलाकार वाकवणाऱ्या व्यायामांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरोदरपण, शस्त्रक्रिया किंवा जुनी दुखापत असल्यास पहिल्या तासाआधीच शिक्षकांना सांगावे.