युरोपीय ग्रँटचा अर्ज: हरित प्रवास आणि समावेशन एकाच बजेटात कसे बसवायचे

युरोपीय संघाच्या 'क्रिएटिव्ह युरोप' (2021–2027) या कला-संस्कृतीला निधी देणाऱ्या कार्यक्रमात अनेक देशांतल्या संस्थांच्या सहकार्य-प्रकल्पासाठी अर्ज करताना पर्यावरणाचं काय करणार आणि आजवर वगळलेल्यांना कसं सामावून घेणार, हे दोन्ही सांगावं लागतं. बहुतेक अर्जांत ही उत्तरं दोन वेगळी माणसं लिहितात. मग दौरा सुरू झाला की 'विमान नको' हा नियम पहिल्यांदा व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकारालाच आडवा येतो. म्हणून दोन्हींचा हिशेब एकाच तक्त्यात मांडायचा.

आधी प्रकल्पाचा आकार ठरवा. लहान प्रकल्पाला 3 देशांतले किमान 3 भागीदार लागतात आणि खर्चाच्या 80 टक्के, कमाल 2 लाख युरो मिळतात. मध्यम प्रकल्पाला 5 देशांतले 5 भागीदार, 70 टक्के, 10 लाखांपर्यंत. मोठ्याला 10 देशांतले 10, 60 टक्के, 20 लाखांपर्यंत. उरलेला वाटा भागीदारांनी उभा करायचा असतो. तो कमी पडला की दुभाषी आणि रॅम्प यांवर सर्वात आधी कात्री चालते. नवख्या गटाने लहान प्रकल्पच घ्यावा, ते यासाठीच.

ग्रँट एकरकमी पद्धतीने, वर्क पॅकेजनुसार (म्हणजे प्रकल्पातल्या कामांच्या ठरवलेल्या गटांनुसार) मिळते. पॅकेजमधलं काम पूर्ण झालं नाही तर त्याची रक्कम अडकते. 'समावेशन' नावाचं वेगळं पॅकेज शेवटी जोडू नका. ते उरलंसुरलं काम ठरतं आणि उशीर झाला की तेच गळतं. सांकेतिक भाषेचा खर्च प्रयोगाच्या पॅकेजमध्ये आणि सोबतीच्या मदतनिसाचं तिकीट प्रवासाच्या ओळीतच घाला.

आता प्रवास, खरी डोकेदुखी. प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ करा: कुठून कुठे, किती गाड्या बदलायच्या, कुठे मुक्काम, कोणती मदत, कोणता व्हिसा. पोर्तुगालमधलं लिस्बन ते एस्टोनियातलं टॅलिन घ्या. लिस्बन–माद्रिद थेट रात्रगाडी 2020 मध्ये थांबली, त्यामुळे पहिल्याच देशाची सीमा ओलांडताना गाड्या बदलाव्या लागतात. पुढे पोलंडमधून लिथुआनियात शिरताना रुळांची रुंदी बदलते, म्हणून मोकावा स्थानकात गाडी बदलायची. धडधाकट माणसाला हा वैताग असतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक बदल म्हणजे वेगळी आगाऊ मदत-नोंदणी. युरोपीय संघाच्या नियमानुसार रेल्वेला साधारणपणे 24 तास आधी कळवावं लागतं, विमानकंपनीला 48 तास. पहिली गाडी उशिरा आली की पुढची मदत हुकते. म्हणून अशा प्रवासात एका दिवसात दोनपेक्षा जास्त बदल ठेवू नका आणि जादा रात्रीचं भाडं आधीच बजेटात धरा.

व्हिसाचा सापळा याहून बारीक आहे. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याच्या एकाच प्रवेशाच्या व्हिसावर आलेला कलाकार बुडापेस्टहून सोफियाला सर्बियामार्गे गेला, तर तो शेंगेनबाहेर पडतो आणि बल्गेरियात परत शिरता येत नाही. रोमानियामार्गे जा, रोमानिया आणि बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून जमिनीवरच्या सीमांसाठीही शेंगेनमध्ये आहेत. शक्य असेल तर सुरुवातीलाच बहुप्रवेश व्हिसा मागा.

यानंतर प्रवासाचा नियम लिहा. आमच्या मते ठरावीक अंतरापर्यंत, समजा 700 किमी, रेल्वे सक्तीची असावी. सायप्रस आणि माल्टा इथले लोक, अपंग कलाकार, लहान मूल सोबत असलेले पालक आणि व्हिसाची अडचण असलेले यांना थेट सूट द्यावी. सायप्रस-माल्टात प्रवासी रेल्वेच नाही, तेव्हा तिथल्या माणसाकडून 'रेल्वे का नाही' याचं स्पष्टीकरण मागणं हा निव्वळ कागदी हिरवेपणा झाला.

सभागृह निवडताना टेप घेऊन जा. दार 90 सेंमी मोकळं हवं, वळायला 150 × 150 सेंमी जागा हवी. जर्मन मानकानुसार रॅम्पचा चढ कमाल 6 टक्के. म्हणजे 50 सेंमी उंच रंगमंचाला जवळपास 8.3 मीटर रॅम्प लागतो, शिवाय दर 6 मीटरला सपाट टप्पा. नेहमीची चूक अशी की प्रेक्षागृहापर्यंत रॅम्प असतो, पण मेकअपची खोली तीन पायऱ्या वर असते.

सांकेतिक भाषेचे दुभाषी तासाभरापेक्षा मोठ्या प्रयोगाला दोन लागतात, साधारण 20 मिनिटांनी आलटून पालटून. जर्मन आणि ऑस्ट्रियन सांकेतिक भाषा वेगळ्या आहेत, त्यामुळे बर्लिनची जोडी व्हिएन्नात चालत नाही. संहिता त्यांना दोन आठवडे आधी द्या. उभं राहायची जागा प्रकाशयोजनेत धरा, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये अर्थही गुडूप होतो.

प्रदर्शन असेल तर उसनवारीच्या करारात तापमानाच्या अटी पाहा. बिझो ग्रीन प्रोटोकॉलनुसार (मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वं) बहुतेक वस्तूंना 16 ते 25 अंश सेल्सिअस आणि 40 ते 60 टक्के सापेक्ष आर्द्रता चालते, 24 तासांत ±10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. रंगवलेल्या लाकडी फळ्यांसारख्या नाजूक वस्तू अपवाद. वस्तू देणारं संग्रहालय जुनीच कडक अट घालत असेल तर सही करण्याआधी बोला, नंतर वातानुकूलनाचं बिल तुमचंच.

विजेचा हिशेब मीटरवरून घ्या: सामान आत येताना एक रीडिंग, बाहेर जाताना दुसरं. वार्षिक बिलाला दिवसांनी भागून काढलेला आकडा हिवाळ्यात फसवतो. प्रेक्षक कसे आले, हेही विचारा. उत्सर्जनाचा मोठा वाटा बऱ्याचदा तिथेच असतो.

शेवटी नोंदणीचा फॉर्म. 'तुम्हाला कोणतं अपंगत्व आहे' असं विचारू नका. आरोग्याची माहिती युरोपीय विदासंरक्षण नियमांत विशेष संवेदनशील गटात मोडते आणि बहुतेकदा तुम्हाला ती लागतही नाही. 'काय सोय हवी' एवढंच विचारा, उत्तर द्यायची मुदत सांगा, यादी पाहणाऱ्यांची नावं ठरवा आणि कार्यक्रम झाला की ती पुसून टाका. अहवालाला फक्त संख्या पुरतात.